तंतुमय गोळ्या

पाण्यात फुगणाऱ्या, न पचणाऱ्या तंतूंपासून बनवलेल्या, शौचाच्या तक्रारींवर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या व कॅप्सूल. इसबगोलाची साल, मिथिलसेल्युलोज आणि कॅल्शियम पॉलिकार्बोफिल ही त्यांतली मुख्य द्रव्ये. इसबगोल हे गुजरात, राजस्थान व मध्य प्रदेशातले रब्बी पीक असून मेहसाणा जिल्ह्यातील उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ आहे. मिथिलसेल्युलोज वनस्पतींच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून मिळवतात, तर पॉलिकार्बोफिल पूर्णपणे कृत्रिम आहे.

सोनामुखी आतड्याला डिवचून पोट साफ करते. हे तंतू तसे करत नाहीत. ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मळ मऊ होतो, त्याचे आकारमान वाढते आणि ताणलेले आतडे स्वतःच आकुंचन पावून त्याला पुढे सरकवते. याच गुणामुळे पातळ शौचातले जादा पाणीही शोषले जाते. बद्धकोष्ठता आणि जुलाब या दोन्ही टोकांच्या तक्रारींत एकच औषध चालते ते म्हणूनच. मूळव्याध व फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) यांत कुंथावे लागू नये म्हणून, तसेच आयबीएसमध्येही (पोटदुखीसोबत शौचाच्या तक्रारी वारंवार होणारा आतड्याचा विकार) डॉक्टर ते सुचवतात. आयबीएसमध्ये गव्हाच्या कोंड्याने मात्र कित्येकांची पोटफुगी आणि दुखणे वाढते.

परिणाम दिसायला १२ ते ७२ तास लागतात. रात्री गोळी घेऊन सकाळी काही झाले नाही म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट घेणे चूक आहे. मात्रा काही दिवसांच्या अंतराने हळूहळू वाढवावी, नाहीतर गॅस धरतो. गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण इसबगोलाच्या एका कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ग्रॅमच साल मावते. चमचाभर भुसीची बरोबरी करायला अनेक कॅप्सूल लागतात, आणि नेमके तिथेच पाणी कमी पडते.

पाणी हा या उपचाराचा अर्धा भाग आहे. दर मात्रेसोबत निदान २४० मिलिलिटर, म्हणजे मोठा पेला भरून पाणी प्यावेच. अपुऱ्या पाण्यात गोळी घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, आतडे अरुंद झालेल्यांनी किंवा मळाचा खडा बसलेल्यांनी या गोळ्या घेऊ नयेत. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. इतर औषधे दोन तासांच्या अंतराने घ्यावीत. पॉलिकार्बोफिलमधले कॅल्शियम टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे शोषण कमी करते. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, शौचाची सवय अचानक बदलणे अशी लक्षणे असतील, तर गोळीने आराम पडला तरी तपासणी लांबवू नये.