शीत कुठलं उचलायचं?

5 ऑक्टोबर 1988. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास चिलीच्या गृह खात्याचे उपमंत्री अल्बर्तो कार्देमिल टीव्हीवर आले आणि त्यांनी सार्वमताचा पहिला आकडा जाहीर केला. 79 टेबलांची (टेबल म्हणजे तिथली मतं टाकण्याची आणि मोजण्याची जागा) मोजणी झाली होती. ‘हो’ला 57 टक्के मतं, ‘नाही’ला 40. ‘हो’ म्हणजे जनरल आउगुस्तो पिनोशे आणखी आठ वर्षं सत्तेवर. ‘नाही’ म्हणजे पुढच्या वर्षी खुली निवडणूक.

आकडा खोटा होता असं म्हणता येणार नाही. त्या 79 टेबलांवर तशी मतं पडली असतीलही. पण देशभरात टेबलं होती सुमारे 22,000, आणि त्यातली नेमकी हीच 79 कुणी निवडली, हे कुणीच सांगत नव्हतं.

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे आपल्या घरात पोरासोरांनाही ठाऊक असतं. संख्याशास्त्रातलं नमुना निवडण्याचं सगळं शास्त्र त्या एका म्हणीत आहे. पण स्वयंपाक करणाऱ्या हाताला आणखी एक गोष्ट कळते, जी म्हणीत नाही. शीत वरवरचं उचलायचं नसतं. तळाचा भात करपला असेल, वरचा कच्चा असेल. आधी भात हलवायचा, मग मधलं शीत दाबून बघायचं. चिलीत त्या रात्री जे घडलं ते समजून घ्यायला एवढी शिदोरी पुरते.

आधी थोडं मागे जाऊ. 11 सप्टेंबर 1973 रोजी लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं. संसद बंद झाली, पक्षांवर बंदी आली, मतदार याद्या नष्ट केल्या गेल्या. पुढच्या सतरा वर्षांत तीन हजारांवर माणसं मारली गेली किंवा नाहीशी केली गेली. 1980 साली पिनोशे यांनी नवी राज्यघटना आणली. तिच्यात अशी तरतूद होती की आठ वर्षांनी सेनादलांचे आणि पोलिसांचे प्रमुख मिळून एकच नाव पुढे करतील आणि जनतेनं त्याला हो किंवा नाही म्हणायचं. 30 ऑगस्ट 1988 रोजी ते नाव जाहीर झालं. अर्थातच पिनोशे.

विरोधकांपुढचा पेच खरा होता. भाग घेतला तर हुकूमशहाच्या घटनेला मान्यता दिल्यासारखं होतं, बहिष्कार टाकला तर मैदान त्याला मोकळं. ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि समाजवादी ही 1973 पूर्वीची कडवी भांडणारी माणसं अखेर सोळा-सतरा पक्षांची मोट बांधून ‘नाही’च्या बाजूनं उभी राहिली. पण त्यांची खरी भीती प्रचारात हरण्याची नव्हती. आपण जिंकलो तर काय होईल, ही होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत सांतियागोमधले अमेरिकी राजदूत हॅरी बार्न्स यांनी वॉशिंग्टनला इशारा पाठवला. पुढे खुल्या झालेल्या कागदपत्रांतून त्याचा आशय कळतो: निकाल विरोधात जातोय असं दिसलं, तर दंगली घडवून आणायच्या आणि त्यांचं निमित्त करून सार्वमत थांबवायचं, अशी योजना पिनोशे यांच्या गोटात होती. म्हणजे सत्तेवर असलेल्यानंच आपल्या सत्तेच्या नियमांविरुद्ध बंड करायचं. लॅटिन अमेरिकेत याला ‘आउतोगोल्पे’ म्हणतात, स्वतःच केलेला उठाव.

उठाव हा बंदुकांचा प्रश्न वाटतो. उठावांचा अभ्यास करणारे राज्यशास्त्रज्ञ मात्र सांगतात की तो बराचसा अंदाजांचा प्रश्न आहे. लष्करातल्या कुठल्याच अधिकाऱ्याला हरणाऱ्या बाजूला उभं राहायचं नसतं, आणि आपल्याच दलातल्या दुसऱ्यावर गोळी झाडायची नसते. त्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो: हा काय करणार? आणि मी काय करेन असं याला वाटतंय? सगळ्यांना ‘हे होणारच’ असं वाटलं तर उठाव गोळी न झाडता यशस्वी होतो. ‘हे टिकणार नाही’ असं वाटलं तर तो सुरूच होत नाही. असा डाव संदिग्धतेवर जगतो. निकाल काय लागला हे पहाटेपर्यंत कुणालाच नक्की ठाऊक नसेल, तर त्या धुक्यात काहीही करता येतं.

म्हणून विरोधकांनी ठरवलं की धुकं पडूच द्यायचं नाही. त्याच रात्री आपला स्वतंत्र आकडा हातात हवा. याला एक ताजा दाखला होता. फिलिपाइन्समध्ये फेब्रुवारी 1986 च्या निवडणुकीत नागरिकांच्या ‘नॅमफ्रेल’ या संघटनेनं समांतर मोजणी केली होती. तिकडे सरकारी मोजणीतल्या संगणक कर्मचाऱ्यांनी पडद्यावरचे आकडे आणि जाहीर होणारे आकडे जुळत नाहीत म्हणून काम सोडलं, आणि त्याच महिन्यात तिथले हुकूमशहा मार्कोस यांना देश सोडावा लागला.

चिलीच्या पद्धतीत एक मोठी सोय होती. मतं जिथे पडतात त्याच टेबलावर, लोकांसमोर मोजली जातात. (आपल्याकडे पेट्या आणि यंत्रं मोजणी केंद्रात नेतात, त्यामुळे असं करणं शक्य नसतं.) टेबलावर बसायला मात्र नोंदणीकृत पक्षाचा प्रतिनिधी लागे. नुसत्या याच सोयीसाठी डिसेंबर 1987 मध्ये एक नवा पक्ष स्थापन झाला, पीपीडी, म्हणजे ‘लोकशाहीसाठी पक्ष’. हुकूमशाहीत विरोधी पक्षाचा सदस्य म्हणून सरकारी नोंदवहीत आपलं नाव लिहून द्यायचं, हे हजारो साध्या माणसांनी केलं. या सगळ्या गोष्टीतलं मला सर्वात थोर वाटतं ते हे. जवळपास प्रत्येक टेबलावर ‘नाही’चा माणूस बसला, त्यांच्यामुळे.

आता संख्याशास्त्र. एखाद्या मोठ्या लोकसंख्येतून हजार माणसं चिठ्ठ्या टाकून निवडली, तर त्यांचं मत सगळ्यांच्या मताच्या तीनेक टक्के इकडे-तिकडे येतं. लोकसंख्या दहा लाख असो की दहा कोटी, फरक पडत नाही. पातेलं केवढंही असो, शीत एकच पुरतं. पण एका टेबलावरची तीनशेच्या वर मतं म्हणजे तीनशे वेगवेगळी शितं नव्हेत. ती एकाच वस्तीतली, बरीचशी सारखा विचार करणारी माणसं. गुठळीतली शितं एकसारखीच शिजलेली असतात. म्हणून टेबलं पुष्कळ हवीत आणि ती विखुरलेली हवीत: शहरातली, खेड्यातली, श्रीमंत, गरीब. चिलीत पुरुषांची आणि बायकांची टेबलंही वेगळी असत, आणि बायकांमध्ये पिनोशे यांना पाठिंबा जास्त होता. पुरुषांचीच टेबलं आधी मोजून आली तर अंदाज फसणार.

कार्देमिल यांच्या आकड्याकडे आता परत बघा. 79 टेबलं म्हणजे वीस हजारांहून जास्त मतं. संख्या कमी मुळीच नव्हती. चिठ्ठ्या टाकून निवडली असती तर त्या 79 टेबलांवरून निकालाचा कल बऱ्यापैकी कळला असता. चूक नमुन्याच्या आकारात नसून निवडीत होती. रात्री दहाला दुसरी घोषणा झाली: 677 टेबलं, ‘हो’ 51, ‘नाही’ 46. मग सरकारी आकडे येणंच थांबलं.

विरोधकांच्या केंद्राकडे तोवर वेगळंच चित्र जमलं होतं, आणि कुण्या एका नेत्याच्या शब्दावर ते अवलंबून नव्हतं. ‘मुक्त निवडणूक समिती’ची निवडक टेबलांवरची जलद मोजणी वेगळी चालली होती, तिचंही उत्तर तेच. ‘नाही’ जिंकतोय. पण विरोधकांनी आपल्या लोकांना बजावलं होतं, रस्त्यावर येऊ नका, घरीच थांबा. दंगलीचं निमित्त मिळू द्यायचं नव्हतं. त्या संयमाचं मोल फार मोठं आहे.

मध्यरात्रीच्या सुमारास पिनोशे यांना पाठिंबा देणारे उजवे नेते सर्जिओ ओनोफ्रे हार्पा यांनी टीव्हीवर विरोधकांचे पात्रिसिओ आयल्विन यांच्या शेजारी बसून ‘नाही’चा विजय मान्य केला. रात्री एकच्या सुमारास हवाई दलाचे प्रमुख फर्नांडो मात्तेई हे ‘ला मोनेदा’ या राष्ट्रपती भवनात बैठकीला निघाले होते. दारातच त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं की ‘नाही’ जिंकलंय हे मला स्पष्ट दिसतंय. आतापर्यंत सगळ्यांना जे माहीत होतं, ते आता सगळ्यांना माहीत आहे हेही सगळ्यांना कळलं. शेजाऱ्याकडे बघण्याचं कारण उरलं नाही. आत पिनोशे यांनी विशेष अधिकारांचा हुकूम सहीसाठी पुढे केला आणि आपण नकार दिला, असं मात्तेई यांनी पुढे सांगितलं.

पहाटे दोननंतर कार्देमिल यांनी पराभव जाहीर केला. अंतिम निकाल: ‘नाही’ 55.99 टक्के, ‘हो’ 44.01. मार्च 1990 मध्ये आयल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. पिनोशे लष्करप्रमुख म्हणून 1998 पर्यंत राहिले.

1980 च्या घटनेचं सार्वमत 67 टक्क्यांनी मंजूर झालं, असा सरकारी आकडा आहे. त्या वेळी मतदार यादी नव्हती, टेबलावर विरोधकांची माणसं नव्हती. तो आकडा खरा की खोटा, हे आज कुठल्याही गणितानं तपासता येत नाही.