युनिव्हर्सल पास (महाराष्ट्र)

कोविड-१९ लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना निर्बंधांतून सूट देण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये काढलेला क्यूआर कोडचा पास. एप्रिलपासून सर्वसामान्यांना बंद असलेली मुंबईची लोकल १५ ऑगस्टला अशा लसवंतांसाठी खुली झाली, तेव्हा हा पास घरोघरी पोचला.

त्याआधी निर्बंध कधी सैल करायचे हे चाचण्यांवर ठरत होते. ७ जूनपासून जिल्हे व मोठ्या महापालिका पाच स्तरांत विभागल्या गेल्या. चाचणी केलेल्यांतले बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या असतील तर पहिला, सर्वांत सैल स्तर. प्रमाण २० टक्क्यांवर किंवा ७५ टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या असतील तर पाचवा, सर्वांत कडक. यातला पहिला आकडा नाजूक. फक्त लक्षणे असलेल्यांचे स्वॅब घेतले की टक्केवारी चढते, बाजारात आणि स्टेशनवर सरसकट चाचण्या केल्या की तीच उतरते. साथ मात्र तेवढीच असते. रॅपिड अँटिजेन चाचणीचा निकाल १५ ते ३० मिनिटांत मिळतो, पण विषाणू कमी असेल तर ती चुकून निगेटिव्ह येते. म्हणून लक्षणे असूनही निगेटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेतली अधिक अचूक चाचणी, करण्याचा नियम होता. जूनअखेरीस स्तर ठरवताना केवळ आरटी-पीसीआर धरायचे ठरले आणि कोणताही जिल्हा पहिल्या किंवा दुसऱ्या स्तरात आणायचा नाही, असेही.

पासाची अट होती दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस. गणित इथेच अडले. मे महिन्यात कोविशील्डच्या दोन डोसांतले अंतर १२ ते १६ आठवडे केले गेले होते, म्हणजे पहिल्या डोसापासून किमान ८४ अधिक १४, एकूण ९८ दिवस. केंद्राने १८ वर्षांवरील सर्वांसाठी मोफत लस २१ जूनला सुरू केली. त्या दिवशी कोविशील्ड टोचून घेतलेला तरुण २७ सप्टेंबरपूर्वी पात्र होऊच शकत नव्हता. लोकलची सर्वाधिक गरज असलेला पोटापाण्याला बाहेर पडणारा वर्गच रांगेच्या शेवटी राहिला. कोव्हॅक्सिनचे अंतर ४ ते ६ आठवडेच असल्याने ती घेणारे लवकर सुटले.

पास काढायला पोर्टलवर कोविनला (केंद्राच्या लसनोंदणी संकेतस्थळाला) नोंदवलेला मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी द्यायचा, यादीतून आपले नाव निवडायचे, फोटो चढवायचा. अडचण बहुधा क्रमांकाची: लस घेताना मुलाचा किंवा शेजाऱ्याचा नंबर दिलेला असे आणि ओटीपी तिकडे जाई. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी ११ ऑगस्टपासून स्टेशनांवर पालिकेचे मदतकक्ष बसले. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र तपासून तिथे शिक्का मिळे व तो तिकीट खिडकीवर दाखवून मासिक पास काढता येई. एका फेरीचे तिकीट मात्र ऑक्टोबरअखेरपर्यंत मिळत नव्हते. महिन्यातून दोनदा दवाखान्यात जाणाऱ्यालाही पूर्ण महिन्याचा पास घ्यावा लागे.

मॉलमध्येही दोन डोसांची अट लागली. अठरा वर्षांखालील मुलांना तेव्हा लसच नव्हती, म्हणून त्यांच्याकडे वयाचा पुरावा मागत. परराज्यातून येणाऱ्या लसवंतांना ७२ तासांतल्या आरटी-पीसीआर अहवालातून सूट होती.

लस गंभीर आजार व मृत्यू टाळते, संसर्ग पुरता थांबवत नाही. जानेवारी २०२२च्या ओमायक्रॉन लाटेत दोन डोस घेतलेलेही मोठ्या संख्येने बाधित झाले आणि पासधारकाकडून संसर्ग होणार नाही हे गृहीतक लंगडे पडले. लोकलच्या लस-अटीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले. १ एप्रिल २०२२पासून राज्यातले सर्व निर्बंध उठले आणि पास दाखवायची गरज संपली.