मागचा एक्सल दारातच बदलणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्या सांगलीच्या दुकानातून एक्सल नेणारे बरेच जण तो गॅरेजला न देता दारातच बसवतात. आमची काही हरकत नाही. ट्रॅक्टर बांधावर खोलणारी माणसं या जिल्ह्यात आहेत, ती एक्सलला काय घाबरणार! पण “तुमचा एक्सल आवाज करतोय” म्हणून जो माल परत येतो तो उघडून बघितला, की बहुतेकदा माल ठीक असतो आणि घोळ बसवण्यात झालेला असतो. म्हणून हा कागद. एक्सल टेम्पोत चढवायच्या आधी वाचा. गाडीखाली आडवं पडून, तेलकट हाताने वाचायची वेळ आणू नका.

खालचं बहुतेक सगळं बोलेरो, ओम्नी अशा मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे दाते) असलेल्या गाड्यांचं आहे. अल्टोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे नुसता आडवा एक्सल आणि स्प्रिंग असतात, शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागे एक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्याची) आणि तेलाची भानगड नसते.

खरंच बदलायचा आहे का?

आमचाच धंदा बुडवणारी गोष्ट आधी सांगतो. चाकाच्या आतून तेल गळतंय एवढीच तक्रार असेल तर एक्सल घेऊ नका. हौसिंगच्या, म्हणजे एक्सलच्या लोखंडी कवचाच्या, वरच्या अंगाला हवा बाहेर जायला एक छोटा ब्रीदर असतो, तो शोधा. उसाच्या रानात फिरणाऱ्या गाडीचा ब्रीदर हमखास चिखलाने बुजलेला असतो. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. मग ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये, लायनरवर. ब्रीदर साफ करा, सील बदला, तेलकट झालेले लायनर बदला. पुष्कळदा काम तेवढ्यात भागतं.

पाणी गेलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या गाड्या उभ्या बुडाल्या, त्यांच्या मालकांना हे सांगायला नको. फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) उघडून करंगळी आत घाला. तेल दूध घातलेल्या चहासारखं निघालं तर आत पाणी आहे. असं तेल बरेच दिवस राहिलं की बेअरिंगला गंजाचे खड्डे पडतात, नुसतं तेल बदलून आवाज जात नाही. पूरच यायला पाहिजे असं नाही. लांबून तापून आलेली गाडी थेट ओढ्यात धुवायला घातली तरी आतली हवा एकदम आकसते आणि पाणी आत ओढते.

रेशो जुळवा

दोन एक्सल दिसायला जुळे भाऊ असले तरी आतले दात वेगळे असू शकतात. क्राऊनचे (मोठ्या दातेरी चाकाचे) ४१ आणि पिनियनचे (शाफ्टकडून त्याला फिरवणाऱ्या छोट्याचे) १० दात असतील तर रेशो ४.१. घरी मोजायचा तर पुढच्या चाकांना दगड लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर घ्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एकाने एक चाक घट्ट धरायचं, दुसऱ्याने समोरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. शाफ्टला खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोजा, तोच रेशो. दोन फेरे एवढ्यासाठी, की एक चाक अडवलं असताना दुसऱ्याच्या एका फेऱ्यात क्राऊन अर्धाच फिरतो. मोजून आलात तर आम्ही तसाच एक्सल काढून देऊ. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर मोजल्याशिवाय देणारच नाही.

वजन कुठं आहे?

काम चालू असताना दर थोड्या वेळाने हा प्रश्न स्वतःला विचारा: या क्षणी गाडीचं वजन कशावर आहे?

हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. ती चाकं उचलली की हँडब्रेक संपला. गिअर टाकून ठेवला म्हणाल, तर शाफ्ट काढल्यावर गिअरचा आणि चाकांचा संबंध तुटतो. म्हणजे गाडीला जागेवर धरून ठेवणारे फक्त पुढच्या चाकांचे दगड. प्रत्येक चाकाला पुढून एक, मागून एक, असे चार लावा. स्टँड चॅसिसखाली लावायचे, एक्सलखाली नाही, कारण एक्सल तर निघणार आहे. विटा अजिबात नकोत, वीट फुटताना सांगत नाही. सगळं लावून झालं की गाडीला खांद्याने दोन धक्के मारा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

आणि जमीन सिमेंटची बघा. मी पहिला एक्सल काकांच्या वस्तीवर, काळ्या मातीत काढला. सकाळी माती दगडासारखी होती. दुपारी ड्रिपच्या नळीचं पाणी झिरपत जॅकखाली आलं आणि जॅक जरासुद्धा आवाज न करता तिरका झाला. मी चहाला उठलो होतो म्हणून हा कागद लिहितोय.

खोलताना

आदल्या संध्याकाळी यू-बोल्ट (एक्सल पाट्याला आवळून धरणारे), शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट आणि ब्रेक पाइपचे नट वायर ब्रशने घासून डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. यू-बोल्ट नाहीच सुटले तर कापा, ते नवेच घालायचे असतात. तेल काढताना आधी वरचा फिलर प्लग ढिला होतोय का ते बघा, मग खालचा ड्रेन उघडा. उलटं केलंत आणि वरचा अडकला, तर तेल भरणार कुठून? शाफ्टच्या फ्लँजवर (जोडाच्या चकतीवर) आणि पिनियनच्या फ्लँजवर एकच आडवी खूण करा. शाफ्ट परत त्याच जागी बसला नाही तर वेगात थरथर येऊ शकते.

सगळ्यात जास्त नुकसान ब्रेक पाइपच्या नटावर होतं. तो मऊ असतो, साध्या पान्ह्याने गोल होतो, आणि नट फिरताना पाइपही पिळून तुटतो. फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा) घ्या, नसेल तर आमच्याकडून एका दिवसासाठी न्या. ड्रममधली भुकटी तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. एबीएस असलेल्या गाडीत सेन्सरची वायर आधी सोडवा, ओढाताण करू नका. स्प्रिंगच्या गाडीत शॉकॲब्सॉर्बरच एक्सलला खाली पडू न देता धरून असतो, त्याचा बोल्ट काढायच्या आधी एक्सलखाली जॅक हवाच. एक्सल उतरवायला दोन माणसं लागतात, तिसरं असेल तर उत्तम.

बसवताना

पाट्याच्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे. ते बाजूला राहिलं तरी यू-बोल्ट आवळले जातात, आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पाट्याच्या पुढच्या बोल्टपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. यू-बोल्टचे नट तिरक्या समोरच्या कोपऱ्यांचे आलटून-पालटून, थोडे थोडे आवळत न्या.

आता सगळ्यात जास्त लोक चुकतात ती गोष्ट. पाट्याचे किंवा आर्मचे बुशवाले बोल्ट गाडी स्टँडवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते हाताने बसवा. चाकं लावा, गाडी जमिनीवर घ्या, मागून दोन-चारदा दाबून झुलवा आणि मग आवळा. बुश रबराचा असतो. हवेत लटकताना आवळला तर तो त्याच स्थितीत धरला जातो, गाडी खाली आली की पिळतो आणि पुढे पिळलेलाच राहतो. नवा बुश थोड्याच दिवसांत फाटतो. मग लोक म्हणतात, माल डुप्लिकेट होता.

पिनियनच्या नटावर आमची पिवळी खूण आहे, त्याला हात लावू नका. बेअरिंगचा ताण त्या नटावर बांधलेला असतो, खूण सरकलेली दिसली तर माल परत घेत नाही. तेल गाडीच्या पुस्तकात असेल त्याच ग्रेडचं, फिलरच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंत.

ब्रेकची हवा काढायला दोघं लागतात. एक पेडलवर, एक निपलवर (चाकामागच्या हवा सोडायच्या छोट्या बोल्टवर). “दाब!” म्हटलं की दाबायचं आणि धरून ठेवायचं, निपल उघडून परत बंद झाल्यावर “सोड!” म्हटलं की सोडायचं. मधेच पाय उचलला तर हवा परत आत. सुरुवात मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर गाडी दाराबाहेर काढू नका. हे एक काम जमणार नाही असं वाटलं तर तेवढ्यासाठी मिस्त्री घरी बोलवा.

पहिली फेरी गल्लीतच मारा, मग माधवनगर रोडला. शंभर-दीडशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा आवळा, त्याआधी कोकणात उतरायचा बेत नको.

जुना एक्सल आणताना तेल पूर्ण काढा आणि दोन्ही टोकांना पिशव्या बांधा. मागच्या आठवड्यात एकाने तो हळदीच्या पोत्यांच्या टेम्पोत टाकून आणला, त्या पोत्यांचा हिशेब अजून मिटलेला नाही.