तासाला एक ठोका

भाचीचा फोन आला तोच रात्री साडेअकराला. "मावशी, या वेळी पाळी दीडच दिवस. त्याआधी दोन महिने काहीच नाही. आई म्हणते घाण आत साचतेय, पपई खा." ती पुण्यात पेठेत खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करते. मी विचारलं, "जेवतेस किती वेळा?" "डबा एकदाच. रात्री चहा-बिस्कीट."

आधी त्या घाणीचं बघू. पाळीत बाहेर पडतं ते रक्त आणि गर्भाशयाचं त्या चक्रात वाढलेलं अस्तर. अस्तरच पातळ असेल तर पडणारही थोडंच. जे तयारच झालं नाही ते साचेल कुठून? (वाटच बंद असेल तर खरोखर साचतं, पण मग दर महिन्याला पोटात कळा येतात.) पपई खुशाल खा, आवडते म्हणून.

अस्तर वाढवतं बीजकोशातलं इस्ट्रोजेन. बीजकोशाला कामाला लावते मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी, आणि पिच्युटरीला जागं करतो मेंदूच्या तळाचा हायपोथॅलॅमस, जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडून. आता खरी गंमत. अर्न्स्ट क्नोबिल या शास्त्रज्ञाच्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधल्या गटाने १९७८ साली ज्यांचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलं होतं अशा माकडिणींना ते बाहेरून दिलं. सलग दिलं, तर पिच्युटरी गप्प. तासातून एकदा, फक्त ६ मिनिटं दिलं, तर ती पुन्हा कामाला लागली! दारावरची बेल कोणी दाबूनच धरली तर घरातले शेवटी वायर काढून ठेवतात, तसं पिच्युटरीच्या पेशी निरोप झेलणारे आपले ग्राही रेणू आत ओढून घेतात. म्हणजे निरोप रसायनात आहे तितकाच तालात आहे. पिच्युटरी बीजकोशाला दोन संप्रेरकं पाठवते, एलएच आणि एफएसएच: ठोके जलद पडले की एलएच जास्त, संथ पडले की एफएसएचकडे झुकतं माप. आणि हा ताल धरणाऱ्या चेतापेशींत किसपेप्टिन, न्यूरोकायनिन बी आणि डायनॉर्फिन अशी तिघं असतात: न्यूरोकायनिन ठोका सुरू करतं, डायनॉर्फिन आवरतं, किसपेप्टिन तो पुढे पोचवतं. (किसपेप्टिनचं जनुक अमेरिकेत हर्शी गावी सापडलं, म्हणून नाव तिथल्या 'किसेस' चॉकलेटवरून.)

या पेशी शरीराचा शिधाही तपासतात. अ‍ॅन लाउक्स या अमेरिकी संशोधिकेने नियमित पाळी असलेल्या तरुणींना ५ दिवस कमी ऊर्जेवर ठेवलं. चरबी वगळून उरलेल्या वजनाच्या किलोमागे व्यायामाचा खर्च वजा जाता रोज ३० किलोकॅलरींपेक्षा कमी उरू लागल्या की एलएचचे ठोके विरळ झाले. पाच दिवसांत!  भाचीला तर त्यावर परीक्षेचा ताण आणि जागरण.

पण प्रत्येक कमी पाळीला उपासच कारणीभूत नसतो. मी भाचीला आधी गर्भचाचणी करायला लावली ("मावशी!"), कारण गर्भ नळीत रुजला तरी थोडंसं रक्त जातं आणि ती पाळीच वाटते, सोबत एका बाजूला पोट दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी दवाखाना. मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक) यांच्या तपासण्या, पीसीओएस या बीजकोशाच्या विकारासाठी सोनोग्राफी. क्युरेटिंगनंतर (गर्भाशय आतून खरवडून साफ केल्यावर) पाळी घटली तर आत चिकटे धरलेले असू शकतात. आपल्याकडे गर्भाशयाचा टीबीही लक्षात ठेवावा लागतो. गर्भनिरोधक गोळ्यांवर पाळी कमी जाणं अपेक्षितच, चाळिशीनंतर ती मागेपुढेही होते. बाकी कोणाचीही तीन महिने आली नाही तर थांबू नये, कारण इस्ट्रोजेन कमी पडलं की हाडं झिजतात.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेणाऱ्या घरांत 'पाळी आणायच्या' गोळ्याही तशाच येतात. त्यांनी रक्त जाईल कदाचित, पण मेंदूतला ठोका त्यांनी सुरू होत नाही.

भाचीचे रिपोर्ट नॉर्मल आले. डॉक्टरांनी लिहून दिलं ते एवढंच: दोन वेळचा डबा, सकाळी पोहे किंवा अंडी, रात्री बाराच्या आत झोप, तीन महिन्यांनी दाखवणे. ताईने डब्याचे वाढीव पैसे पाठवले. वर दोन पपयाही.