शाळेतल्या सिस्टरच्या कामामागची गोष्ट

जत तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत तपासणीची गाडी येते, त्या दिवशी अभ्यास बाजूला राहतो. सिस्टर एकेका पोराची पापणी खाली ओढून रक्त कमी आहे का बघतात, नखं बघतात, वेण्या बाजूला करून उवा शोधतात. वीस फुटांवरच्या तक्त्याची खालची ओळ चौथीतल्या एखाद्या मुलीला वाचता येत नाही. ही पोर फळ्यावरचं सगळं शेजारणीच्या वहीतून उतरवत होती, हे बाईंना तेव्हा कळतं.

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरमधून तो देशभर सुरू झाला. पथकात दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे शिकलेले) डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. कल्पना मात्र फार जुनी. बडोद्यात १९०९ मध्येच शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली होती. स्वातंत्र्यानंतर १९६० मध्ये रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्यासाठी समितीही नेमली गेली.

पण तपासणी आणि नर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते सगळं इथंच अडतं. न्यूयॉर्कमध्ये शाळांत डॉक्टर येत, खरूज-उवा-डोळे आलेली पोरं हुडकत आणि घरी पाठवत. घरी उपचार कुणी करत नसे, पोरं रस्त्यावर हिंडत. १९०२ च्या ऑक्टोबरात तिथल्या गरीब वस्तीत नर्सिंगचं काम उभारणाऱ्या लिलियन वॉल्ड यांनी लिना रॉजर्स या नर्सला चार शाळांवर नेमलं. रॉजर्स शाळेतच मलमपट्टी करत आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला समजावत. वर्षभरात आजारपणामुळे बुडणारी शाळा सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाली.

आपल्याकडं शिकवणं आणि शुश्रूषा एकाच बाईनं केल्याचं उदाहरण त्याच्याही आधीचं आहे, आणि ती बाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावची. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. मिरजेत तर डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, तिथं शिकलेल्या नर्सेस गावोगाव पोचल्या. तरी शाळेची म्हणून नर्स झेडपीच्या शाळांना कधी मिळाली नाही. ते काम उपकेंद्राच्या सिस्टरकडं आलं, जिच्याकडं साधारण पाच हजार लोकवस्ती, लसीकरण आणि गरोदर बायांच्या नोंदी आधीच आहेत. लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्याला खाऊ घालायचं काम गुरुजी-बाईंनी उचललं. रिकाम्या पोटी मळमळतं, म्हणून खिचडी झाल्यावर, समोर उभं राहून.

गाडी निघून जाते. चष्म्यासाठी मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी त्या चौथीतल्या मुलीच्या दप्तरात राहते. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आजीला ती वाचता येत नाही. सांगलीच्या सिव्हिलला जाऊन यायचं तर मजुरीचा दिवस मोडतो. लिना रॉजर्स संध्याकाळी ज्या घरी जात, ते घर हेच.