लिलॅकमध्ये घर आधी सगळ्यात कमी कमावणाऱ्याला मिळतं?

इंग्लंडमधल्या लीड्सच्या लिलॅक या सहनिवासाबद्दल (स्वतंत्र घरं, पण सामायिक जागा आणि एकत्र कारभार असलेली वसाहत) असा समज सहज होतो: घरासाठी दरमहा निव्वळ कमाईच्या ३५ टक्केच भरायचे, म्हणजे कमाई जितकी कमी तितका नंबर आधी. ३५ टक्क्यांचं खरं, पण नंबराचं तसं नाही. लाकडी चौकटीत काडाचे गठ्ठे भरून भिंती उभारलेली ही २० घरं २०१३मध्ये तयार झाली. मालकी रहिवाशांच्याच सहकारी संस्थेची, आणि संस्थेच्या डोक्यावर बँकेचं कर्ज. त्याचा हप्ता सगळ्यांच्या भरण्यातूनच जातो, म्हणून घराच्या आकारानुसार किमान उत्पन्नाची अट आहे. भरण्याच्या बदल्यात रहिवाशाला संस्थेचे समभाग, म्हणजे मालकीतला वाटा, मिळतात. जास्त कमावणारा जास्त भरतो, त्याचे समभागही जास्त होतात. ‘स्वस्तात घेऊ, बाजारभावाने विकू’ म्हणणाऱ्यांनी तर नादच सोडावा! समभागांची किंमत देशातल्या पगारमानाशी बांधलेली आहे. घरांचे भाव कितीही चढोत.