गुहेच्या छताकडं पाहायला उशीरच झाला

विदर्भात वणी-कोरपन्याकडं काळ्या मातीखाली चुनखडक आहे. सिमेंटच्या खाणींनी तो उघडा पाडला. इकडं विहिरीच्या तळातून पाणी उसळलं की खोदणारा म्हणतो, झरा लागला. पाणी खालूनही येतं, हे त्याला शिकवावं लागत नाही. गुहांच्या अभ्यासकांना मात्र ते मानायला बराच काळ लागला.

जुनी समजूत सोपी होती. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं, चुनखडक विरघळवतं, आत ओढा वाहू लागतो. पुष्कळ गुहा अशाच झाल्या आहेत. पण १९३० मध्ये अमेरिकी भूरूपशास्त्रज्ञ विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी मांडलं की अनेक गुहा भूजल पातळीच्या खाली, पाण्यात बुडालेल्या असतानाच कोरल्या गेल्या. १९४२ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक जे. हार्लेन ब्रेट्झ यांनी त्याला भिंती-छतांवरच्या खुणांचा आधार दिला. खालून वर चढणाऱ्या पाण्याच्या खुणांची सलग मांडणी युक्रेनचे गुहा-अभ्यासक अलेक्झांडर क्लिमचुक यांनी २००७ मध्ये केली. त्यांच्याकडची ऑप्टिमिस्टिच्ना ही जिप्समची (पाण्यात विरघळणाऱ्या मऊ खडकाची) गुहा २०० किलोमीटरांहून लांब आहे आणि तीही खालून चढलेल्या पाण्यानं झालेली.

या खुणा तळापासून वर वाचायच्या. खाली पाणी शिरण्याचं तोंड, तिथून भिंतीवर चढत गेलेली खाच, छताला उलटी पन्हळ, मग घुमट. कमी क्षारांचं पाणी हलकं, म्हणून छताला चिकटून सरकतं आणि तिथंच खडक खातं. विरघळलेल्या खडकानं जड झालेलं पाणी खाली बसतं. कुठं कुठं घुमटाच्या माथ्यालाच भोक असतं. खाली उभ्या माणसाला वाटतं, पाणी इथूनच आत पडलं असणार. तीच तर बाहेर पडायची वाट!

गरम पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. साखर गरम चहात पटकन विरघळते, चुनखडीचं उलटं: कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी वर येताना थंड होतं तसतशी त्याची खडक खायची ताकद वाढते. पैनगंगेपल्याड, किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला खालून येणारं ऊन पाणी हातानं अनुभवता येतं. गुहेचा दाखला म्हणून नव्हे, पाण्याची वाट कळावी म्हणून सांगतोय. भद्रावतीच्या विजासन लेण्यांत घुमट शोधू नयेत, ती छिन्नीची कामं.

खाणीच्या कापलेल्या भिंतीत पोकळी दिसली की मी आधी माथा गोल आहे का ते बघतो, मग तळाशी भेग शोधतो. आजवर दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा माथ्यावरून काळी माती ओघळलेली होती, म्हणजे वरून पाणी आत आलेलं; पोकळी त्यानंच कोरली का, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.